अयोग्य अक्षरं

सिस्टर, हे मी मराठीत लिहितेय, कारण तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं. कुणी मोठ्याने वाचून दाखवलं असतं तर मात्र निम्मं कळलं असतं, हे मला माहीत आहे. तुम्ही आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या सिस्टर, मूळच्या मंगळूरकडच्या, घरी कोंकणी बोलणाऱ्या. तुमच्या शेवटच्या आजारपणात मी दवाखान्यात आले होते तेव्हा तुम्ही नर्सकडे 'उदाक, उदाक' करत होतात. नर्स केरळची, तिला कळेना. मी उठून पाण्याचा ग्लास तुमच्या तोंडाला लावला. पाणी पिऊन झालं, तुम्ही मला ओळखलंत, आणि लगेच इंग्रजीत म्हणालात, "थँक यू, चाइल्ड." मी तेव्हा चाळिशीला आले होते. मला तुमची कीव यायला हवी होती. आली नाही. आला तो राग, आणि पंचवीस वर्षं होत आली तरी तो उतरलेला नाही.

तुमचं श्रेय आधी देऊन टाकते, म्हणजे मग मोकळेपणी बोलता येईल. मला दहा बोटांनी टाइप करता येतं ते तुमच्यामुळे. टाइपरायटरच्या कळांवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालून, आम्हाला त्याखाली हात घालायला लावून तुम्ही शिकवलंत. खोकं उचलून कुणी डोकावलं की बोटांवर पट्टी बसे. कॉलेज संपल्यावर तुमच्याच शिफारसपत्रावर मला एका कंपनीत टाइपिस्टची नोकरी मिळाली. पुढे तिथे कॉम्प्युटर आले, मग इंटरनेट आलं, एक दिवस साहेबांना कंपनीची वेबसाइट हवीशी झाली आणि ती कुणी करायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा ऑफिसात सगळ्यांत वेगाने टाइप करणाऱ्या बाईला बसवलं. दुसऱ्यांच्या वेबसाइटी उघडायच्या, त्यांच्या पाठीमागचा सगळा कोड पडद्यावर आणायचा आणि ओळ ओळ वाचून हे कशाने होतं ते शोधायचं, असं मी शिकले. निवृत्त झाले तेव्हा कोरमंगलातल्या एका कंपनीत, माझ्या निम्म्या वयाच्या मुलामुलींबरोबर काम करत होते. ती मला मॅम म्हणत आणि घाबरत. एखादं बटण दोन पिक्सेल सरकलं, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षाही कमी, तरी मला दारातून दिसे. अशी नजर मी आधी एकाच बाईच्या डोळ्यांत पाहिली होती.

निवृत्तीनंतर माझ्या वयाच्या बायका भजनाला जातात. मी लोकांच्या वेबसाइटींतल्या चुका काढते. जुने सात फोन मी खणात ठेवले आहेत, त्यातल्या एकाची काच तडकलेली आहे. सातही फोनांवर नीट दिसली तरच वेबसाइट झाली, असा माझा हिशेब. आमच्या दाताच्या डॉक्टरांकडे अपॉइंटमेंटचा फॉर्म भरला की तांबड्या अक्षरांत 'काहीतरी चुकलं' एवढंच येई. काय चुकलं? हे डॉक्टर दाढ उपटल्यावर 'काहीतरी निघालं' असं सांगतात का? मी त्यांना दोन पानी मेल लिहिला, की ज्याची चूक झाली त्याला नेमकं काय चुकलं ते सांगणं ही साधी माणुसकी आहे. त्यांनी फॉर्म सुधारला. पुढच्या खेपेला भूल जरा कमीच दिली, असा माझा संशय आहे.

तर अशा या बाईकडे आमच्या वर्गातली पहिल्या बाकावरची मुलगी आली. ती आता माजी विद्यार्थिनींच्या संघाची सेक्रेटरी आहे आणि गुडघ्याला पट्टा बांधून चालते. आम्ही दोघी बसवनगुडीत दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहतो, दोघींचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी या कन्नड मुलुखात आले, दोघींच्या घरी मराठी बोलतात, आणि दोघी एकमेकींशी बोलतो ते इंग्रजीत. ही तुमची करणी. ती म्हणाली, सिस्टरांच्या जन्माला शंभर वर्षं झाली, शाळेत रविवारी मोठा कार्यक्रम करणार आहोत, तू वेबसाइट कर. जगभरातल्या मुली आठवणी पाठवतील, त्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवू. पाहुणे येणार, तेव्हा सगळं इंग्रजीतच असू दे. मी सरी, म्हणजे बरं, म्हटलं. का म्हटलं ते मलाच माहीत नाही. कदाचित तुमच्यावर काहीतरी करण्याची संधी, मग ती वेबसाइट का असेना, मला सोडवली नाही.

तीन आठवड्यांत दीडशेच्या वर आठवणी आल्या. प्रत्येक आठवण मी वाचायची, तपासायची आणि मग पानावर चढवायची. तुमचं हसू. तुमचे गुलाब. गुडघा फुटला तेव्हा तुम्ही लावलेलं आयोडिन आणि मारलेली फुंकर. अमेरिकेतून एकीने लिहिलं की सिस्टरांनी मला आत्मविश्वास दिला. तिला मी ओळखते. आत्मविश्वास तिला जन्मापासूनच होता, अक्कल कुणी दिली असती तर बरं झालं असतं. पण दीडशेतल्या एकीनेही बिल्ल्याचं नाव काढलं नाही.

बिल्ला तुम्हाला आठवत असणारच, तुमचीच कल्पना ती. काडेपेटीएवढा लाकडी तुकडा, त्याला भोक पाडून ओवलेली सुतळी. शाळेच्या आवारात जी मुलगी इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत बोलेल तिच्या गळ्यात तो पडायचा. मग तिने काय करायचं, तर कान टवकारून हिंडायचं आणि दुसरी कुणी कन्नड, मराठी, तमिळ बोलताना सापडली की तुम्हाला सांगून बिल्ला तिच्या गळ्यात घालायचा. चारच्या घंटेला तो जिच्या गळ्यात असेल तिने फाटकाजवळ उभं राहायचं, सगळ्यांचे आईवडील मुलींना नेऊन होईपर्यंत. यात तुम्हाला काहीच करावं लागत नव्हतं, हे त्यातलं खरं कौशल्य. छडी नको, पहारा नको. आम्ही चाळीसजणी एकमेकींवर पहारा ठेवत होतो आणि तुम्ही खुशाल गुलाबांना पाणी घालत होतात. मी वीस-बावीस वर्षं माणसांकडून आपोआप कामं करून घेणाऱ्या यंत्रणा बांधल्या, सिस्टर, पण इतक्या कमी सामानात इतकी चोख चालणारी यंत्रणा मला एकदाही जमली नाही.

आता माझ्या यंत्रणेचं ऐका. वेबसाइटवरचा कुठलाही फॉर्म उघडा ठेवला की त्यात जगभरातून जुगाराच्या आणि टकलावर केस उगवण्याच्या जाहिराती येऊन पडतात, पुष्कळशा रशियन नाहीतर चिनी लिपीतल्या. त्या अडवायला मी वर्षानुवर्षं एकच सोपी ओळ वापरत आले आहे: रोमन अक्षरं, आकडे आणि साधी विरामचिन्हं तेवढी आत घ्यायची, बाकीचं परत लावायचं. ती ओळ माझ्या बोटांना पाठ आहे, लिहिताना मी विचारही करत नाही. परत लावलेला मजकूर एका फाइलीत साठतो आणि आठवड्यातून एकदा मी ती चाळून रिकामी करते. कार्यक्रमाच्या आधीच्या मंगळवारी ती उघडली तर जुगार आणि केशवर्धक तेलाच्या मधोमध मराठी दिसली.

नाव नव्हतं, मेलचा पत्ता नव्हता. एकाच बाईने पाऊण तासात पाच वेळा आठवण पाठवायचा प्रयत्न केला होता. पहिला मजकूर असा होता:

"मी सहावीला निपाणीहून ह्या शाळेत आले. इंग्लिश येत नव्हतं म्हणून वर्षभर मी तोंडच उघडलं नाही. त्यामुळे बिल्ला माझ्या गळ्यात कधी पडला नाही. एक दिवस शेजारी बसणाऱ्या मुलीने माझ्या दंडाला कंपास टोचला. मी 'आई गं' म्हणून ओरडले. तिचं नाव मला आठवतंय, लिहीत नाही. सिस्टरांनी सगळं बघितलं होतं. तरी बिल्ला माझ्याच गळ्यात घातला. पुढच्या वर्षी वडील मला परत गावी घेऊन गेले. सिस्टर वाईट होत्या असं मला म्हणायचं नाही. त्यांनी मला लोकरीचं विणायला शिकवलं, अजून विणते. पण हे एवढं कुठंतरी लिहावं असं वाटलं."

फॉर्मने तो परत लावला. दुसऱ्या वेळी तिने 'आई गं'च्या दोन्ही बाजूंची अवतरणचिन्हं काढली. तिला वाटलं असावं त्यांनीच अडतंय. तिसऱ्या वेळी स्वल्पविरामही काढले. चौथ्या वेळी मजकूर निम्मा केला. पाचव्या वेळी एकच ओळ होती: "मी पण ह्या शाळेत होते." तीही परत लागली. मग तिने नाद सोडला.

काय चुकतंय ते तिला कळलं कसं नाही, असं विचाराल. कारण तिला पडद्यावर तांबड्या अक्षरांत दोनच शब्द दिसत होते, 'इनव्हॅलिड कॅरेक्टर्स'. अयोग्य अक्षरं. कुठली, का, काय करायचं, काही नाही. ते दोन शब्द मी लिहिले होते. दाताच्या डॉक्टरांना माणुसकी शिकवणारी मी.

ती कोण ते मला पहिल्या दोन ओळींतच कळलं. शेजारी बसणारी मी होते. त्या दिवशी मधल्या सुट्टीत जिन्यावर मी कुणालातरी "थांब गं" म्हटलं आणि बिल्ला माझ्या गळ्यात आला. साडेतीन वाजले तरी कुणी सापडेना. चार वाजता आमचे अण्णा मला न्यायला येणार आहेत, तिथून सगळ्यांनी फोटो काढायला स्टुडिओत जायचंय. अण्णांना माझ्या इंग्रजीचा कोण अभिमान! घरी पाहुणे आले की मला पुढे उभं करून म्हणायचे, "स्वल्प बोलून दाखव गं यांना." ते अण्णा फाटकात येणार आणि त्यांची लेक गळ्यात लाकूड बांधून उभी दिसणार. माझ्या शेजारी ही निपाणीची, दोन वेण्यांची, दगडासारखी गप्प. भूमितीचा तास चालू आहे. मी कंपास उचलते. मी चिडलेली नाही, रडत नाही, मी अगदी शांत आहे, हे मला आजही स्पष्ट आठवतं. तिला इंग्रजीत ओरडता येत नाही, एवढा साधा विचार मी केला आहे.

ती ओरडली, मी हात वर केला, तुम्ही आलात. तिच्या दंडावर रक्ताचा ठिपका होता. कंपास माझ्या हातात होता. तुम्ही तिच्या दंडाकडे पाहिलंत, मग माझ्या हाताकडे, आणि तिथे तुमची नजर थांबली. तुम्हाला दिसलं नाही असं मला कुणी सांगू नये. मग तुम्ही माझ्या गळ्यातून बिल्ला काढलात, तिच्या गळ्यात घातलात आणि म्हणालात, "अ रूल इज अ रूल." चार वाजता फाटकात अण्णांना तुम्ही सांगितलंत की मुलगी फार हुशार आहे, नाव काढील. ती तुमच्यापासून चार हातांवर, भिंतीला पाठ लावून उभी होती.

मला त्या दिवशी एक सणसणीत थोबाडीत हवी होती, सिस्टर. बाराव्या वर्षी बसली असती तर कामाला आली असती. दोन पिक्सेल सरकल्यासारख्या बारीकसारीक चुकांना पट्टी मारणारी बाई या एका चुकीला शाबासकी देऊन गेली, का, तर तिचा नियम सुरळीत चालला होता. मी हे तुम्हाला माफ करत नाही. तुम्ही स्वतः मरताना कोंकणीत पाणी मागणार होतात. ते तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, हे मान्य. पण रोज सकाळी उठल्यावर पहिला शब्द मनात कुठल्या भाषेत येतो, हे तर माहीत होतं ना?

अडवणारी ओळ काढायला मला एक मिनिट लागलं. देवनागरी नीट दिसावी म्हणून नवा फॉन्ट घातला, वेलांट्या कुठे कापल्या जातात का ते सातही फोनांवर पाहिलं, तिचा पहिला, पूर्ण मजकूर तयार करून ठेवला, आणि लॅपटॉप घेऊन सेक्रेटरीच्या घरी गेले. तिने चष्मा लावला, वाचलं, आणि इंग्रजीत म्हणाली, हे नको. मी विचारलं का. इंग्रजीत नाही म्हणून. मी म्हटलं खाली भाषांतर देते. प्रश्न तो नाही, असं म्हणाली आणि तिथून पुढे तिचं इंग्रजी संपलं.

"अगं ए, शंभरीचा कार्यक्रम आहे तो. सुम्ने, उगीच कशाला उकरून काढतेस? मेलेल्या बाईला उत्तर तरी देता येतंय का?"

"हिला जिवंतपणी तरी कुणी विचारलं होतं?"

"तू नेहमीचीच! लग्नाच्या पंगतीत बसून सारात मीठ कमी म्हणणारी."

"कमी असतं म्हणून म्हणते."

"मग स्वतःच्या पानातलं पण सांग की. टोचणारी तूच ना?"

 पन्नासहून जास्त वर्षं मी धरून चालले होते की हे तिघींनाच माहीत आहे, आणि त्यातल्या एक तुम्ही गेलात.

"सगळा वर्ग बघत होता," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "मी पहिल्या बाकावरून मान वळवून बघितलं. सांगायचं कुणी? सांगायचं तर इंग्रजीत सांगायचं, आणि टोचलं याला इंग्रजीत काय म्हणतात ते त्या वयात कुणाला येत होतं?" तिने चष्मा काढून पदराने पुसला. "आणि येत असतं तरी मी सांगितलं नसतं. बिल्ला माझ्याकडे आला नाही ना, बस."

"मग लावू का नको?"

"लाव. वर नको पण. खाली कुठेतरी."

"आला त्या क्रमानेच लागेल."

"लाव बाई, लाव. तुझ्याशी कोण भांडणार! नाव तुझं बाहेर येईल, माझं काय जातंय?"

भांडण जिंकून मी घरी आले. शुक्रवारी दुपारी मजकूर पानावर चढवला, खाली इंग्रजी भाषांतर दिलं, आणि चढवण्याआधी त्यातली दोन वाक्यं काढली. तुम्ही ओळखलं असेल कुठली. एक, शेजारी बसणाऱ्या मुलीने कंपास टोचला हे. दुसरं, तिचं नाव मला आठवतंय हे. मराठीतूनही काढली, इंग्रजीतूनही. मग वाचायला फार चांगलं लागत होतं: एक घाबरलेली मुलगी, एक 'आई गं', आणि एक निर्दय बाई. माझ्या तुमच्याविरुद्धच्या फिर्यादीला दुसरा आरोपी नको होता. रविवारी हॉलमध्ये ते मोठ्या पडद्यावर आलं. थोडी चुळबुळ झाली, मागून कुणीतरी "खरंय" म्हणालं, पाहुण्यांनी भाषणात वेदना वगैरे शब्द वापरले. सेक्रेटरीने माझ्याकडे पाहिलं. तिने मूळ मजकूर वाचला होता, तिला काय गेलंय ते कळलं होतं. ती काही बोलली नाही. ती तेव्हाही बोलली नव्हती.

मंगळवारी सकाळी मी सवयीने फाइल उघडली. तिचं काही आलेलं नव्हतं. पण माझ्या मनात आलं, समजा तिने पुन्हा लिंक उघडून पाहिली. आपलं लिहिलेलं लागलंय म्हणून ती खूश होईल, वाचत जाईल, आणि मध्येच तिला दिसेल की नेमकी दोन वाक्यं नाहीत. ती काढावीशी वाटणारी जगात एकच बाई आहे आणि तिचं नाव तिला आठवतं. निपाणीच्या त्या मुलीला ही वेबसाइट कोण चालवतं ते क्षणात कळेल. मी दोन्ही वाक्यं परत घातली. ही सज्जनपणाची गोष्ट म्हणून सांगत नाही. पकडली जाईन म्हणून घातली.

शिफारसपत्राबद्दल आभार मानायचे राहिले होते, असं आता वाटलं, पण आता नको. एवढं मात्र सांगते. आमच्या धंद्यात वेबसाइटमध्ये केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहते, कुठली ओळ, केव्हा, कुणी. शुक्रवारी दोन वाक्यं काढली, पुढे माझं नाव. मंगळवारी तीच दोन वाक्यं घातली, पुढे माझं नाव. ती नोंद कशी पुसायची ते मला उत्तम येतं, आणि पुसली तर कुणाला कळणारही नाही. आज तीनदा तिथवर जाऊन आले. अजून पुसलेली नाही.